पेशींची पेरणी



आपल्यापैकी ज्यांनी कधी रक्तदान केलं असेल त्यांनी हात वर करा, असं मी सभेत म्हटलं असतं. रेडिओवर हात दिसत नाहीत. पण ज्यांनी मनातल्या मनात हात वर केला असेल, त्यांना सांगतो की आजचा विषय तुमच्या ओळखीचा आहे. 'पेशींचं रोपण' म्हटलं की मुंबई-पुण्याकडची चकचकीत प्रयोगशाळा डोळ्यांपुढे येते. खरं पाहता अकोल्याच्या रक्तपेढीतली लाल पिशवीसुद्धा पेशींचं रोपणच करते. एका माणसाच्या जिवंत पेशी काढायच्या, दुसऱ्याच्या शरीरात सोडायच्या आणि तिथं त्यांनी आपलं ठरलेलं काम करायचं, एवढीच या उपचाराची व्याख्या. पण रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि संपतात. त्या पाहुण्या असतात. आज मला ज्यांच्याविषयी बोलायचं आहे त्या पेशी बिऱ्हाड करायला येतात.

मी शास्त्राचा माणूस नाही. बी.ए. झालो, कविता लिहितो आणि बार्शीटाकळीत ज्यांना गरज असते त्यांना अर्ज लिहून देतो. या अर्जांनीच मला या विषयाकडे नेलं. उपचारासाठी मदत मागणाऱ्या अर्जासोबत कागदांची चळत असते. तपासण्यांचे अहवाल, खर्चाचं अंदाजपत्रक, डॉक्टरांची पत्रं. अर्ज नीट लिहायचा तर ते सगळं वाचावं लागतं, आणि जे कळत नाही ते डॉक्टरांना विचारावं लागतं. असं विचारत विचारत गेल्या काही वर्षांत जे हाती लागलं, ते आज सांगणार आहे.

आधी शब्दाविषयी थोडं. आमच्या घरच्या बोलीत, आणि एकूणच वऱ्हाडात, पेशी म्हणजे कोर्टाची तारीख. 'उद्या पेशी हाय' म्हटलं की माणूस रात्रीच धुतलेले कपडे काढून ठेवतो. जीवशास्त्रातल्या पेशीचा या पेशीशी काही संबंध नाही. पण हा उपचार समजून घेताना मला कोर्टाचा अर्थच उपयोगी पडला. दुसऱ्याच्या शरीरातून आलेली प्रत्येक पेशी यजमान शरीराच्या कोर्टात उभी राहते. तिच्या अंगावर ओळखीच्या खुणा असतात. त्या पटल्या तर ठीक, नाही पटल्या तर तिचा निकाल लागतो. रक्त चढवताना पाहायच्या खुणा म्हणजे रक्तगट. ते कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली जगापुढे मांडले. त्याआधी रक्त चढवणं हा निव्वळ जुगार होता.

या खुणांच्या गोष्टीत आपल्या मुंबईचंही एक पान आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत असं रक्त असलेली माणसं शोधून काढली, की ज्यांना ओ गटाचं रक्तसुद्धा चालत नव्हतं. ओ गट सगळ्यांना चालतो, असं आपण शाळेत शिकलो. पण ओ गटाच्या पेशीवरही 'एच' नावाची एक मूळ खूण असते आणि या माणसांच्या पेशींवर तीही नव्हती. जगानं त्या गटाला 'बॉम्बे ब्लड ग्रुप' असं नाव दिलं. भारतात साधारण दहा हजारांत एखाद्याचं रक्त असं असतं. शहराचं नाव बदललं, रक्ताचं नाव अजून बॉम्बेच आहे.

आता रक्त जिथं तयार होतं त्या जागेकडे जाऊ. हाडांच्या पोकळीत मज्जा असते. आयुर्वेदानं तिला सप्तधातूंत बसवलं आहे. आमच्याकडे तिला गूदा म्हणतात, आणि नल्ली ताटावर ठोकून तो गूदा कोणी खायचा यावरून भावाभावांत भांडणं होतात. या मज्जेत अगदी थोड्या अशा पेशी असतात की त्यांच्यापासून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स असं सगळं रक्त जन्मभर तयार होत राहतं. त्यांना मूलपेशी म्हणतात, डॉक्टर मंडळी स्टेम सेल म्हणतात. निरोगी माणसाच्या शरीरात दर सेकंदाला सुमारे वीस लाख तांबड्या पेशी नव्यानं तयार होतात. हे वाक्य मी बोलून संपवलं तेवढ्यात आपल्या प्रत्येकाच्या हाडांत कोटीभर पेशी उगवल्या असतील.

हे वावरच बिघडलं तर काय करायचं? रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया, सिकलसेल, मज्जा वाळून जाण्याचा अप्लास्टिक अॅनिमिया, हे सगळे या वावराचे आजार. १९५६ साली अमेरिकेत डॉ. डॉनल थॉमस यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या एका रुग्णाला त्याच्या हुबेहूब जुळ्या भावंडाची मज्जा दिली. जुळ्यांच्या खुणा एकच असल्यामुळे ती रुजली. पण जुळं भावंड किती जणांना असतं? इतर रुग्णांवर झालेले सुरुवातीचे प्रयत्न जवळजवळ सगळेच फसले, माणसं दगावली. १९६० च्या दशकात बहुतेकांनी हा नाद सोडला. थॉमस यांनी सोडला नाही. दरम्यान १९५८ साली फ्रान्समध्ये ज्याँ दोसे यांनी पांढऱ्या पेशींवरच्या खुणांमधली पहिली खूण शोधली होती. त्या खुणांना आता एचएलए म्हणतात. रक्तगट हा गावाचा पिन कोड मानला, तर एचएलए हा घर नंबर, गल्ली, मजला असा पूर्ण पत्ता. तो जुळवता येऊ लागला तेव्हा मज्जारोपण जुगारातून बाहेर आलं. दोसे यांना १९८० साली नोबेल मिळालं, थॉमस यांना १९९० साली.

याच थॉमस यांच्याकडे सिएटलला शिकून आलेले डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ च्या मार्चमध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात भारतातलं पहिलं यशस्वी मज्जारोपण केलं. रुग्ण होती नऊ वर्षांची मुलगी, रक्ताच्या कर्करोगाची. अडवाणींना स्वतःला आठव्या वर्षी पोलिओ झाला, तेव्हापासून ते चाकाच्या खुर्चीवर. या कारणावरून त्यांना वैद्यकीय शिक्षणाचा प्रवेश सुरुवातीला नाकारला गेला होता. १९८६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्येही ही रोपणं होऊ लागली. टाटाचा मज्जारोपणाचा विभाग आता नवी मुंबईत खारघरला आहे. म्हणजे आपल्याकडचा माणूस रात्रभर गाडीत बसून दादरला उतरतो आणि तिथून पुन्हा लोकल धरतो. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटाला येणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथं राहतात. अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावात जन्मलेल्या बाबांच्या नावाच्या छताखाली वऱ्हाडची बोली ऐकू आली की परक्या शहरात जीवात जीव येतो, असं अनेकांनी मला सांगितलं आहे.

रोपण म्हटलं की लोकांना मोठं ऑपरेशन वाटतं. पण रुग्णाच्या अंगावर सुरी चालत नाही. शेतकऱ्यांना समजेल अशा भाषेत सांगायचं तर आधी वखरणी, मग पेरणी आणि मग उगवणीची वाट. वखरणी म्हणजे जबर औषधांचा मारा करून रुग्णाची जुनी मज्जा नष्ट करायची. पेरणी म्हणजे दात्याच्या पेशींची पिशवी सलाईनसारखी शिरेतून सोडायची. त्यासाठी दात्याला भूल देऊन त्याच्या कंबरेच्या हाडातून सुईनं मज्जा काढतात, किंवा चार-पाच दिवस इंजेक्शनं देऊन मूलपेशी रक्तात उतरवतात आणि यंत्रानं वेगळ्या करतात. शिरेतून सोडलेल्या या पेशींना हाडाचा पत्ता कोणी सांगत नाही. त्या रक्तातून फिरत फिरत आपणहून मज्जेत जाऊन बसतात. हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून होतो.

नंतरचे दोन ते तीन आठवडे फार कठीण. जुनं पीक उपटलेलं, नवं उगवलेलं नाही. साधा सर्दी-खोकलाही जिवावर बेततो. रुग्णाला गाळलेल्या हवेच्या खोलीत ठेवतात आणि आई बाहेर काचेला हात लावून उभी असते. रोज सकाळी पांढऱ्या पेशींचा आकडा येतो. तो शून्यावरून हलला की उगवण झाली म्हणायचं.

उगवण झाली तरी कोर्ट संपत नाही. मूत्रपिंड बसवलं तर यजमानाचं शरीर परक्या अवयवावर हल्ला करतं. इथं उलटं होतं. आलेल्या पेशींमध्ये दात्याच्या लढाऊ पेशीही असतात. त्यांना नवं घरच परकं वाटू लागतं. मग त्या रुग्णाच्या कातडीवर, आतड्यांवर, यकृतावर तुटून पडतात. भाडेकरूनं घरमालकालाच बाहेर काढावं तसा हा प्रकार. औषधांनी तो बहुतेक वेळा आवरता येतो, काही वेळा येत नाही. गंमत अशी की हीच भांडखोर पेशी लपून राहिलेल्या कर्करोगालाही शोधून मारते. त्यामुळे डॉक्टर तिला पूर्ण गप्पही करत नाहीत.

आमच्या भागातल्या एका घराची हकीकत सांगतो. नाव सांगत नाही. मुलगा आठ-नऊ वर्षांचा, थॅलेसेमियाचा. दर तीन आठवड्यांनी अकोल्याला रक्त चढवायला न्यायचा. सतत रक्त दिल्यानं शरीरात लोह साचतं, ते काढायच्या गोळ्या वेगळ्या. आपल्या देशात दरवर्षी सुमारे दहा हजार मुलं हा आजार घेऊन जन्माला येतात. डॉक्टरांनी रोपणाचा सल्ला दिला. एचएलएच्या खुणा निम्म्या आईकडून, निम्म्या बापाकडून येतात. त्यामुळे सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. या घरात नशीब उघडलं, थोरली बहीण जुळली. मी अर्ज लिहायला गेलो तर आजी उंबऱ्यात बसलेली. म्हणाली, "भाऊ, पोरीच्या हाडातला गर काढतीन म्हन्ते. मंग उद्या तिचं लगन कसं होईन?"

या प्रश्नाला हसणारे हसतात. मला हसू आलं नाही. आजी आपल्या जगातला खरा धोका बोलत होती. मुलाकरिता मुलीला पणाला लावायचं तिनं आयुष्यभर पाहिलेलं. डॉक्टरांनी तिला समोर बसवून समजावलं, की काढलेली मज्जा काही आठवड्यांत भरून येते, कंबर चार दिवस दुखते, पुढे मूलबाळ होण्याला त्यानं काही बाधा येत नाही. आजीला पटलं. पण त्याच डॉक्टरांनी सांगितलेली दुसरी गोष्ट घरात कोणी फारशी मनावर घेतली नाही. वखरणीच्या औषधांनी त्या मुलालाच पुढे मूल न होण्याचा धोका असतो. बहिणीच्या लग्नाची चर्चा आठ दिवस झाली, भावाच्या या धोक्याची आठ मिनिटंही नाही. मुलगा जगणं एवढंच त्या वेळी सगळ्यांना दिसत होतं, आणि ते समजण्यासारखं आहे.

जुळणाऱ्या भावंडाकडून, लहान वयात, चांगल्या केंद्रात रोपण झालं तर थॅलेसेमियाची दहापैकी आठ-नऊ मुलं बरी होतात. राहिलेलं एखाद-दुसरं कोणाचं तरी मूल असतं, हेही ऐकून ठेवलं पाहिजे. या मुलाला दुसऱ्या महिन्यात अंगभर पुरळ उठलं, जुलाब झाले. बहिणीच्या पेशींनी मांडलेलं ते भांडण होतं. औषधांनी निवळलं. आता त्याला रक्त चढवावं लागत नाही. त्याचा रक्तगट बी होता, बहिणीचा ओ, आणि आता कागदावर त्याचाही ओ. रोपणासाठी रक्तगट एकच असावा लागत नाही, एचएलए जुळावं लागतं, आणि पेशी रुजल्यावर रुग्णाचा रक्तगट दात्याचा होतो. एवढंच कशाला, त्याच्या रक्ताची तपासणी केली तर पेशी मुलीच्या निघतील. वरूड-मोर्शीकडे जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. मुळं जंबेरीची राहतात, फळ संत्र्याचं येतं. हा पोरगा तसा आहे. हाडं त्याची, हट्ट त्याचा, रक्त बहिणीचं.

सगळ्या घरांत असं होत नाही. मला माहीत असलेल्या दुसऱ्या घरात तीन भावंडांपैकी एकही जुळलं नाही. पूर्वी तिथं गोष्ट संपायची. आता अर्ध्या जुळणाऱ्या आईची किंवा बापाची मज्जाही वापरता येते. रोपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी विशिष्ट औषध देऊन भांडखोर पेशी तेवढ्या मारण्याची युक्ती अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात निघाली आणि तिनं दार उघडलं. मात्र धोका वाढतो आणि खर्चही. भावंडाची मज्जा असेल तर साधारण दहा ते पंधरा लाख, अर्धी जुळणारी असेल तर वीस-तीस लाख, कधी त्याहून अधिक. कोल इंडियाच्या निधीतून २०१७ साली थॅलेसेमिया बाल सेवा योजना सुरू झाली. तीत पात्र मुलाला दहा लाखांपर्यंत मदत मिळते. बाकीच्या रकमेसाठी माझ्यासारख्यांचे अर्ज असतात.

विदर्भाचा स्वतःचा म्हणावा असा आजार मात्र सिकलसेल. १९५८ साली नागपूरचे डॉ. शुक्ला आणि डॉ. सोलंकी यांनी 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात मध्य भारतातल्या सिकलसेलवर लिहिलं. पुढे पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत या आजारासाठी आयुष्य घातलं. यात जनुकातलं एकच अक्षर चुकलेलं असतं, आणि तेवढ्यानं गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. वाकलेल्या पेशी बारीक शिरांत अडकतात. मग हाडांत, पोटात, छातीत ज्या कळा येतात, त्या भोगणाऱ्यालाच माहीत. एका अक्षरानं ओळ बिघडते हे कवीला ठाऊक असतं, पण आयुष्य बिघडतं हे मला या आजारानं शिकवलं.

सिकलसेल मज्जारोपणानं बरा होतो, हे १९८४ साली जवळजवळ योगायोगानं कळलं. अमेरिकेत मेम्फिसच्या रुग्णालयात एका मुलीला रक्ताचा कर्करोग होता आणि सिकलसेलही होता. रोपण कर्करोगासाठी केलं, दोन्ही आजार गेले. त्याला आता चाळीस वर्षं उलटून गेली. या काळात आपल्याकडे रोपण मिळालेले सिकलसेलचे रुग्ण फार थोडे. २०२३ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारनं सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं, सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवलं. तपासणी हवीच. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक. पण जे मूल आज कळांनी तळमळतंय, त्याला तपासणीचा कागद पुरत नाही.

आता नवी गोष्ट. दुसऱ्याच्या पेशी आणण्याऐवजी रुग्णाच्याच मूलपेशी बाहेर काढायच्या, प्रयोगशाळेत जनुकांत दुरुस्ती करायची आणि त्यालाच परत द्यायच्या. कोर्टाचा प्रश्नच मिटला. सिकलसेलवरच्या अशा पहिल्या उपचाराला २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटननं आणि डिसेंबरात अमेरिकेनं परवानगी दिली. अमेरिकेतली जाहीर किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे अठरा कोटी रुपयांच्या वर. हा आकडा अर्जात लिहायची वेळ आली तर शून्यं मोजतानाच मला घाम फुटेल. स्वस्तातला भारतीय मार्ग काढायचं काम दिल्लीतली जनुकविज्ञानाची सरकारी संस्था करते आहे.

हे अशक्य आहे असं मी म्हणणार नाही, कारण पवईला एक गोष्ट घडली आहे. रुग्णाच्याच लढाऊ पेशी काढून त्यांना कर्करोग ओळखायला शिकवायचं आणि परत सोडायचं, या कार-टी नावाच्या उपचाराला परदेशात तीन-चार कोटी रुपये पडतात. आयआयटी मुंबईचे डॉ. राहुल पुरवार आणि टाटा मेमोरियलचे डॉक्टर यांनी तो इथं तयार केला. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये त्याला परवानगी मिळाली, ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तो लोकार्पित झाला. किंमत परदेशाच्या साधारण एक दशांश. तरीही ती लाखांतच मोजायची असते. पण एक शून्य कमी होतं हे तरी दिसलं.

श्रोतेहो, इथवर मी रक्ताविषयीच बोललो, आणि त्याला कारण आहे. पेशींचं रोपण जिथं शरीर स्वतः रोज नवी पेरणी करतं तिथं रुजतं. रक्त तसं आहे, कातडी तशी आहे, डोळ्याच्या बुबुळावरचा पापुद्रा तसा आहे. डोळ्याची हकीकत वऱ्हाडानं ऐकलीच पाहिजे. आपल्याकडे तंबाखूसोबत चुन्याची पुडी घरोघर असते. लहान मूल ती दाबतं, फुटते, चुना डोळ्यात जातो आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या मूलपेशी जळतात. बुबुळ पांढरं पडतं, नुसतं नेत्रदानातलं बुबुळ बसवूनही ते टिकत नाही. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत डॉ. वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी यावर मोठं काम केलं. २०१२ साली त्यांनी एक सोपी रीत मांडली. चांगल्या डोळ्याच्या कडेचा दोन मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, त्याचे आठ-दहा कण करायचे आणि बाळंतपणात पडणाऱ्या वारेच्या पापुद्र्यावर, जळालेल्या डोळ्यातच ते पेरायचे. महागडी प्रयोगशाळा लागत नाही. पेशी डोळ्यातच वाढतात. पुडी मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवली तर एवढंही करावं लागत नाही.

मधुमेहाचं विचाराल तर तिथं अजून मधलीच स्थिती आहे. इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी यकृतात सोडायच्या, हा प्रयोग २००० साली कॅनडात एडमंटनला सात रुग्णांवर यशस्वी झाला. पण एका रुग्णाला दोन-दोन मृत दात्यांचे स्वादुपिंड लागत, आणि पाच वर्षांनी बहुतेकांना पुन्हा इन्शुलिन घ्यावं लागलं. २०२५ मध्ये मूलपेशींपासून बनवलेल्या अशा पेशींचे निकाल आले. पूर्ण मात्रा मिळालेल्या बारापैकी दहा जणांचं इन्शुलिन वर्षभरानं सुटलेलं होतं. आशा मोठी आहे, परंतु प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चुकत नाहीत. शिवाय हे सगळं लहानपणी होणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचं. आपल्या काका-मामांना पन्नाशीत जी शुगर निघते तिच्यासाठी नाही. मेंदूत कंपवातासाठी पेशी सोडण्याचे प्रयोग १९८० च्या दशकापासून चालू आहेत, २०२५ मध्ये जपान आणि अमेरिकेतून सुरक्षिततेचे चांगले अहवाल आले, पण रुग्णसंख्या अजून बोटांवर मोजण्याइतकी. मेंदूत नुसती पेशी जगून भागत नाही, तिला हजारो तारांशी जोडून घ्यावं लागतं.

आणि नेमकं इथंच बोगस बियाणं विकलं जातं. बियाण्याच्या चकचकीत पाकिटाला भुलून दुबार पेरणीची पाळी आलेल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. मज्जारोपणानं कमावलेलं 'स्टेम सेल' हे नाव घेऊन स्वमग्नता, जन्मजात मेंदूचा पक्षाघात, मोडलेला मणका, गुडघे अशा सगळ्यावर इंजेक्शनांची पॅकेजं विकली जातात. माझ्या परिचयातल्या एका बापानं मुलाच्या मेंदूच्या पक्षाघातासाठी दीड एकर विकून अशी चार इंजेक्शनं घेतली. मुलगा होता तिथंच आहे, दीड एकर गेलं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नियमावली स्पष्ट आहे. रक्ताच्या ठराविक आजारांतलं मज्जारोपण सोडलं तर मूलपेशींचा वापर परवानगी घेतलेल्या चाचणीतच व्हायचा. स्वमग्नतेसाठी हा उपचार सुचवता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ च्या डिसेंबरात सांगितलं. खऱ्या चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. कोणी 'चाचणी आहे' म्हणत पावती फाडत असेल तर तिथून उठावं.

बाळाच्या नाळेतलं रक्त खासगी बँकेत ठेवण्याचंही असंच. हप्त्यांची सोय असते, जाहिरातीत गोंडस बाळ असतं. नाळेच्या रक्तात मूलपेशी असतात हे खरं. १९८८ साली पॅरिसमध्ये अशा रक्ताचं पहिलं रोपण झालं, तेही बहिणीच्या नाळेतलं. पण बाळाला थॅलेसेमिया असेल तर त्याच्या नाळेतल्या पेशींतही तीच चूक असते, मग स्वतःचं रक्त स्वतःला काय कामाचं? घरात आधीच आजारी भावंड असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा डॉक्टरच सांगतात.

शेवटी दात्यांविषयी. ज्यांचं भावंड जुळत नाही त्यांच्यासाठी अनोळखी दात्यांच्या नोंदवह्या असतात. जगभर मिळून चार कोटींहून अधिक नावं आहेत. भारतात चेन्नईची दात्री, मुंबईची मॅरो डोनर रजिस्ट्री इंडिया अशा संस्था हे काम करतात, तरी आपली सगळी नावं मिळून काही लाखच. एचएलए आपल्या मुलखातल्या, आपल्या वंशाच्या माणसाशी जुळण्याची शक्यता जास्त. म्हणजे वऱ्हाडातल्या रुग्णाचा दाता जर्मनीच्या वहीत सापडणं कठीण, अचलपूर नाहीतर मेहकरला सापडणं सोपं. अट इतकीच, की त्यानं नाव नोंदवलेलं हवं. आपल्याकडे शिवजयंतीला, ईद-ए-मिलादला, गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला रक्तदान शिबिरं होतात. त्याच मांडवात आणखी एक टेबल मावू शकतं. अठरा ते पन्नास वर्षांच्या निरोगी माणसाच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवतात, अर्ज भरून घेतात, पैसे लागत नाहीत.

बोलावणं कदाचित कधीच येत नाही, कदाचित दहा वर्षांनी येतं. आलं की घरात चर्चा सुरू होते, बायको घाबरते, आई नको म्हणते, आणि दाते माघार घेतात. नोंदणीनंतर माघार घ्यायला कायद्यानं आडकाठी नाही. पण पेरणीच्या आठवडाभर आधी रुग्णाची वखरणी सुरू होते. त्या दिवसांत दात्यानं नकार दिला, तर रुग्णाच्या हाडांत जुनी मज्जाही उरलेली नसते. म्हणून काडी फिरवण्याआधी अर्ज घरी न्यावा, आईला, बायकोला वाचून दाखवावा, त्यांच्या शंका तिथंच विचारून घ्याव्यात आणि मगच सही करावी. अर्ज कोणाला समजला नाही तर बार्शीटाकळीत मी आहेच.